गाडी उचलणाऱ्याला विचारायचा एक प्रश्न

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ५९ वर्षांची, बँकेतून निवृत्त. भाचीच्या केळवणासाठी साडी घ्यायला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गेले होते. दुकानासमोर आधीच स्कूटरींची रांग होती, तिच्या टोकाला माझी लावली. वीस मिनिटांनी बाहेर आले तर टोइंगवाली पोरं माझी गाडी टेम्पोत चढवत होती. मी ओरडले, "अहो, मी आलेय, लगेच काढते, दंड घ्या हवा तर." एक जण म्हणाला, "मावशी, आता चौकीवर या." रिक्षा करून गेले. दंड आणि टोइंगचे पैसे भरले, पावती मिळाली. हेल्मेट सांभाळल्याचे म्हणून एका मुलाने वर शंभर रुपये घेतले, त्याची पावती नाही. घरी येऊन पाहते तर पुढचं मडगार्ड तडकलेलं आणि डावा आरसा लटकतोय. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. सम-विषम तारखेची पाटी तिथे होती, पण सेलच्या फ्लेक्सच्या मागे, आणि माझी बाजू त्या दिवशी चुकीचीच होती. सून म्हणते, चूक आपली, सोडून द्या. धाकटा मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तो म्हणतो, तिकडे मालक समोर आला की गाडी सोडावीच लागते. हे खरं का? आणि मी आता काही करू शकते का?

ताई,

सूनबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाडी त्या तारखेला चुकीच्या बाजूला होती, तर चूक झाली. आधीची रांग बघून आपणही तिथेच लावतो, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे आणि पेठांमधले रस्ते त्यानेच अडतात. त्याचा दंड तुम्ही भरलात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली तो पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर १५०० पर्यंत असतो. पण चुकीची किंमत तिथे संपते. तडकलेलं मडगार्ड, लटकता आरसा आणि ते शंभर रुपये हे त्या दंडात धरलेले नाहीत. दंड भरला म्हणून नुकसानभरपाई मागायचा हक्क गेला असं समजू नका. ती दोन वेगळी खाती आहेत, आणि तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हे मी तुम्हाला वेगळं समजवायला नको.

आता कायदा गाडी उचलण्याबद्दल काय म्हणतो ते सांगते, कारण तो फार थोड्या लोकांनी वाचलाय. उचलणाऱ्यांनी तर नाहीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२७ आहे, जेमतेम तीन पोटकलमांचं. सार्वजनिक ठिकाणी एखादी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस पडून असेल, किंवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर ती टोइंग सेवेकडून हलवायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. चाकाला जॅमर लावायची परवानगीही तोच देतो. मोडकी, जळालेली, वाहतुकीला धोका झालेली गाडी असेल तर ती ताबडतोब हलवता येते. आणि असं अधिकृतपणे हलवलं, तर टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, दंड वेगळा.

यातला 'गणवेशातला पोलीस अधिकारी' हा शब्द पक्का धरून ठेवा. ठरवणारा तो आहे. टेम्पोवरची पोरं हात आहेत, त्यांना कुठली गाडी उचलायची हे ठरवायचा अधिकार या कलमाने दिलेला नाही. म्हणून अशा वेळी माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच: "ही गाडी उचला असं कोणी सांगितलं? ते साहेब कुठे आहेत?" पुष्कळदा अंमलदार केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेले असतात, मागे काय चाललंय ते त्यांना दिसतही नाही. तुमच्या पत्रात पोरांचा उल्लेख आहे, पोलिसाचा एकदाही नाही. तुम्हाला ते दिसलेच नाहीत का? दिसले नसतील, तर तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा हाच.

आणि पाटीचं म्हणाल, तर तुमची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. 'कायद्याने मनाई असलेली जागा' म्हणजे ती मनाई लोकांना कळायला हवी. त्याच कायद्यातलं कलम ११६ रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल आहे. पाटी लावायचीच मुळी लोकांच्या नजरेस पडावी म्हणून. पाटी झाकणारी जाहिरात काढून टाकायचा अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला देण्याची सोयही त्याच कलमात आहे. म्हणजे फ्लेक्स हटवायची तरतूद कायद्यात आहे, आणि इथे फ्लेक्स जागेवर राहिला आणि तुमची स्कूटर हलली. तुम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलंत हे फार बरं केलंत. फोटो काढला नसेल तर आजच काढून आणा, फ्लेक्स, मागची पाटी आणि दुकानाचं नाव एकाच चौकटीत येईल असा. लग्नसराई संपली की तो फ्लेक्स जाईल आणि तुमचा पुरावाही.

मालक समोर आल्यावर गाडी सोडायला हवी होती का? इथे मला सरळ सांगायला हवं: कलम १२७ मध्ये तसं एक अक्षरही लिहिलेलं नाही. नो पार्किंगमधली गाडी असेल तर मालक हजर की गैरहजर, याने त्या वाक्यात फरक पडत नाही. माझ्या मते पडायला हवा. टोइंग कशासाठी? रस्ता मोकळा व्हावा म्हणून. मालक किल्ली हातात घेऊन समोर उभा असेल तर रस्ता अर्ध्या मिनिटात मोकळा होतो, दंड जागच्या जागी ई-चलानने लागतो. मग ती गाडी चौकीपर्यंत नेण्याचं कारण काय उरतं? शुल्क, एवढंच.

तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे, फक्त थोडं नीट समजून घ्या. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २२६५८ क्रमांकाचं कलम आहे. ते खाजगी जागेतून, म्हणजे अपार्टमेंटच्या किंवा दुकानांच्या पार्किंगमधून गाडी उचलण्याबद्दल आहे. भर रस्त्यावरून पोलीस गाडी उचलतात त्याचे नियम तिथेही वेगळे. पण या खाजगी टोइंगला त्या राज्याने किती बांधून ठेवलंय बघा. गाडी अजून त्या आवारातच असेल आणि मालक आला, तर ती लगेच, कुठलीही अट न घालता सोडायची. तोवर गाडी ट्रकला जोडून झाली असेल तर फार तर नेहमीच्या शुल्काच्या निम्मे पैसे घ्यायचे. काही मोजके प्रसंग सोडले तर जागेच्या मालकाची त्या विशिष्ट गाडीसाठी लेखी परवानगी लागते, सरसकट 'दिसेल ती उचला' चालत नाही. आग विझवायच्या नळासमोर किंवा येण्याजाण्याच्या वाटेत उभी असलेली गाडी उचलायला सरसकट परवानगी चालते, पण तिथे उचलण्याआधी फोटो काढायचा, गाडी नियम मोडून उभी आहे हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि मालक गाडी सोडवायला आला की त्याची प्रत त्याला फुकट द्यायची. कार्डाने पैसे घ्यायला नकार देता येत नाही. जास्त पैसे उकळले तर टोइंग कंपनीला शुल्काच्या चौपट रकमेचा भुर्दंड बसतो. आणि गाड्या उचलायला मिळाव्यात म्हणून जागेच्या मालकाला पैसे चारणं हा तिथे गुन्हा आहे.

हे सगळं मी तिकडचं कौतुक म्हणून सांगत नाही. मुद्दा असा, की टोइंग हा धंदा आहे हे तिथल्या कायद्याने ओळखलं, आणि धंद्याला आवर घालायला बारीकसारीक नियम केले. आपल्याकडे कायदा असं धरून चालतो की टोइंग म्हणजे पोलिसांचंच काम. प्रत्यक्षात ते ठेकेदार करतो, आणि त्याचं पोट गाडीमागच्या शुल्कावर आहे. मग किती वाजता, कुठल्या गल्लीत, किती वेळ थांबून, कशी उचलायची हे सगळं त्या त्या शहराच्या वाहतूक शाखेच्या आदेशांवर आणि ठेक्याच्या अटींवर सोडलेलं. त्या अटी तुम्ही-आम्ही कधी पाहतच नाही.

काही वर्षांपूर्वी आईला रात्री दवाखान्यात भरती केलं तेव्हा मी घाईत स्कूटर फाटकाजवळ लावली. फाटकाजवळ लावायची नसते, रुग्णवाहिकेची वाट असते ती, माझं चुकलंच. तासाभराने खाली आले तर गाडी नाही. चौकीच्या मागच्या अंगणात पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. एका पिवळ्या दिव्याखाली साठ-सत्तर दुचाकी एकमेकींना टेकून उभ्या, हँडल हँडलमध्ये अडकलेली, मधल्या एकीतून पेट्रोल ठिबकतंय. माझी गाडी बाहेर काढून देणारा मुलगा विशीतला होता. हातात फाटके रबरी मोजे, अंगठ्याच्या बुडाशी घट्टे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मॅडम, पन्नास झाल्या नाहीत तर मालक अर्धा खाडा लावतो." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. हँडल लॉक असलेली शंभर किलोची गाडी दोघांनी मिळून, मागे हॉर्न वाजत असताना, एका मिनिटात उचलायची आणि दिवसाला पन्नास भरवायच्या. त्यात मडगार्ड तडकणारच, आरसे निखळणारच. आणि कुठली गाडी रस्ता अडवतेय यापेक्षा कुठली पटकन उचलता येते हेच बघितलं जाणार. कोपऱ्यावर रस्ता अडवून उभी असलेली मोठी मोटार तिथेच राहते आणि कडेची ॲक्टिव्हा जाते, ते यामुळेच.

असे प्रकार हाताबाहेर गेले की तेवढ्यापुरती हालचाल होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई मोटारीत बसून बाळाला पाजत असताना गाडी ओढून नेल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, संबंधित हवालदार निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच नाना पेठेत माणूस बसलेला असताना मोटारसायकल उचलली गेली. त्याचा फोटो तुम्हालाही आठवत असेल. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी प्रायोगिक तत्त्वावर टोइंगच थांबवलं, आणि त्याच सुमारास बंगळुरूतही ते थांबवण्यात आलं. पण आयुक्तांचा आदेश बदलीबरोबर बदलतो. हा नियम राज्याने राजपत्रात छापून करायला हवा: गाडी उचलायच्या आधी फोटो, अंमलदार गाडीजवळ प्रत्यक्ष उभा, मालक आला तर फक्त चलान, आणि ठेकेदाराला गाडीमागे नाही तर दिवसाच्या कामाचे पैसे. या शेवटच्या अटीशिवाय बाकीच्या कागदावरच राहतील असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या नुकसानीकडे येऊ. गाडी पोलिसांच्या हुकमाने त्यांच्या ताब्यात गेली, की ती नीट सांभाळून परत द्यायची जबाबदारीही त्यांच्यावर येते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारविरुद्धच्या एका खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. जुनागढमध्ये जप्त केलेले ट्रक आणि एक स्टेशन वॅगन उघड्यावर पडून खराब झाल्या होत्या, पुढे विकूनही टाकल्या गेल्या. माल सरकारच्या ताब्यात असताना सरकारने त्याची वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. आपल्या करार कायद्यात, कलम १५१ मध्ये, दुसऱ्याचा माल ज्याच्याकडे सोपवलाय त्याच्या काळजीचं माप दिलंय: साधा शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी. स्वतःची स्कूटर कोणी आरशाला धरून टेम्पोत ओढणार नाही.

तरीही तुम्हाला कोर्टात जा म्हणणार नाही. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, पुढे तारखा, आणि मडगार्ड-आरशाचा खर्च त्यापुढे काहीच नाही. विम्याचं बघा. तुमची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर तिथे काही मिळणार नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारी असेल तर क्लेम करता येईल, पण एवढ्याशा रकमेसाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, घालवणं परवडतं का, ते एजंटकडून आकडे मागून ठरवा. मला वाटतं नाही परवडणार.

करायचं ते हे. वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज द्या, सोबत गॅरेजवाल्याचं सही-शिक्क्याचं कोटेशन, पावतीची झेरॉक्स आणि फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्या चौकातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं अशी मागणी त्याच अर्जात करा, आणि हे या आठवड्यातच करा, कारण जुनं चित्रण पुसलं जातं. समोरच्या साडीच्या दुकानाचा कॅमेराही विचारून बघा. खरेदी केली आहे तुम्ही तिथे, ते नाही म्हणणार नाहीत.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात दुसरा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात तक्रार लिहायची नाही, फक्त कागद मागायचे: टोइंगच्या ठेक्याच्या कराराची प्रत, त्यातली नुकसानभरपाईची अट, त्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, आणि तुमची गाडी उचलली तेव्हा त्या टेम्पोवर नेमलेल्या अंमलदाराचं पद आणि नोंद. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. ठेकेदाराच्या करारात नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली असेल, तर तो कागद हातात आल्यावर बोलणं पुष्कळ सोपं होतं. माझ्या अनुभवात अशा दोन प्रकरणांत ठेकेदाराने फोन करून गाडी दुरुस्त करून दिली. तिसऱ्या एकात नाही दिली.

शंभर रुपयांचं मात्र सोडू नका, रक्कम लहान असली तरी. पावतीवर नसलेला एकही रुपया त्यांना घेता येत नाही. हे अर्जात तारीख-वेळेसह लिहा. पुन्हा कधी असं झालं आणि मागणारा पोलीस असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. मागणारं पोरगं असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, आत जाऊन अंमलदाराला मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असं विचारा, की याची पावती कुठे मिळेल.

आणि यापुढे गाडी परत घेताना आधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो, तिथेच, त्यांच्या अंगणात. मोडतोड दिसली तर सही करताना सहीच्या वर लिहायचं: 'पुढचं मडगार्ड तडकलेल्या स्थितीत ताब्यात घेतली.' लिहू देत नसतील तर घरी न जाता तिथूनच अर्ज. या वेळी ते राहून गेलं, म्हणून तुमची बाजू थोडी कमजोर आहे हे खरं. ते म्हणतील, नुकसान नंतर झालं. त्यावर तुमच्याकडे गाडी उचलण्याच्या आधीचा एखादा फोटो आहे का बघा, नातवंडं स्कूटरवर बसून काढतात तसला सुद्धा चालेल.

लक्ष्मी रस्त्यावर पुन्हा जाल तेव्हा मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळात लावा आणि चालत या. केळवणाची खरेदी एका खेपेत कुठे संपते.

अर्जाचा मसुदा देते, यात तपशील भरा:

प्रति, मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, पुणे शहर. विषय: टोइंगदरम्यान दुचाकीचे झालेले नुकसान व पावतीविना घेतलेली रक्कम. महोदय, दिनांक ___ रोजी ___ वाजता लक्ष्मी रस्ता, ___ समोरून माझी दुचाकी क्र. ___ उचलण्यात आली. त्या वेळी मी स्वतः हजर होते व गाडी काढण्याची तयारी दाखवली होती. गाडी उचलण्याची परवानगी देणारे गणवेशातील अधिकारी मला तेथे दिसले नाहीत. पार्किंगची पाटी जाहिरात फलकाने झाकलेली होती, फोटो जोडला आहे. गाडी परत मिळाली तेव्हा पुढील मडगार्ड व डावा आरसा नादुरुस्त होता, दुरुस्तीचा अंदाजित खर्च रु. ___. तसेच हेल्मेट सांभाळल्याचे म्हणून रु. १०० पावतीविना घेण्यात आले. कृपया चौकशी करून दोन्ही रकमा परत मिळाव्यात, सदर वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे, व पाटी झाकणारा फलक हटवावा.

'दिसले नाहीत' हे वाक्य तुम्हाला खरोखर आठवत असेल तरच ठेवा, नाहीतर खोडा. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा, माहिती अधिकाराच्या अर्जातले प्रश्न आपण मिळून लिहू.